विरी गेलेलं पीठ

सोलापूर,
मंगळवार, ता. ५ फेब्रुवारी १९३५

सौ. अनसूया हिला धोंडीराम याचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडे आप्पा, आई आणि बाळू यांना माझा नमस्कार सांगावा. यंदा मंद्रूपकडे ज्वारी बरी आल्याचं ऐकतो. सुगीची गडबड सुरू झाली असेल.

पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. सावकाश वाचलंस तर तुझं तुला वाचता येईल. अडलं तर तेवढी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचावी, बाळूच्या हातात पत्र देऊ नये.

गोदी मजेत आहे. लेकीची काळजी नसावी.

तू गेल्यावर पंधरा दिवस खानावळीचा डबा लावला होता. पण त्यांचं कालवण फार तिखट असतं, गोदीच्या डोळ्यांत पाणी येतं. वैरागहून आईला आणावं तर तिला आता दिसत नाही आणि दादा तिला पाठवायला तयार नाही. तेव्हा एक तारखेपासून मी स्वतःच चूल पेटवायचं ठरवलं. शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. पुरुषानं स्वयंपाक करण्यात कमीपणा आहे असं मी मानत नाही, पण हेडमास्तरांच्या बायकोला कळलं तर दुपारपर्यंत सगळ्या पेठेला कळेल.

मी मुलांना त्रैराशिक शिकवतो. भाकरी त्याहून अवघड असेल असं मला वाटत नव्हतं आणि अजूनही वाटत नाही. प्रत्येक कामाची एक रीत असते. ती लिहून काढली की निम्मं काम झालं. मी ती पाटीवर लिहून चुलीजवळच्या खुंटीला टांगली आहे. पीठ दोन वाट्या, पाणी एक वाटी. मळणे, घड्याळ लावून पाच मिनिटं. मग थापणे. मग भाजणे, एक बाजू दोन मिनिटं, दुसरी तीन. अजून भाकरी पाटीप्रमाणे होत नाही हे खरं, पण आठ दिवसांत हात बसेल. मग तुलाही कळून येईल की अडचण लक्ष देण्याची होती. तूही आईजवळ बसून हे नीट शिकून घेतलंस तर उत्तम, म्हणजे परत आल्यावर पुन्हा तोच विषय घरात निघणार नाही.

दोनचार गोष्टी विचारायच्या आहेत. फुंकणी कुठे ठेवली आहेस? तुराट्या वाळलेल्या असूनही एवढा धूर का होतो? पाणी 'बेतानं' घालावं असं तू म्हणायचीस. बेत म्हणजे किती वाट्या, ते कळव.

आणि गोदी सकाळी नेमकं काय खात असे, तेही कळव. मला शाळेची घाई असल्यामुळे ते कधी पाहण्यात आलं नाही. नुसतं माहितीसाठी विचारतो.

उत्तर लवकर यावं.

धोंडीराम

*

सोलापूर,
शनिवार, ता. १६ फेब्रुवारी

सौ. अनसूया हिला आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं हे बाळूकडून कळलं. त्याचं पुढे लिहितो.

आधी शिवम्माचं. दिवाळीनंतर आपल्या शेजारच्या खोलीत राहायला आलेली ही म्हातारी तुझ्याशी येता-जाता बोलायची, माझ्याशी कधी नाही. बुधवारी सकाळी ती दार न वाजवता आत आली.

"घर पेटलं म्हून आले," म्हणाली. "काय चाललंय, मास्तर?"

"भाकरी."

तिनं परातीत वाकून बघितलं. "ह्यो तर चिखल हाय की. भिंत लिपायची हाय व्हय?"

मी म्हणालो, पाणी वाटीनं मोजून घातलंय. पाटीकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नाही, तरी ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली.

"तुमी मोजलं," ती म्हणाली, "पन पिटाला इचारलं का, किती पायजे ते?"

गोदी भिंतीशी बसली होती. ती हसली. किती दिवसांनी हसली ते लिहीत नाही.

मी दोन्ही मुठींनी तो गोळा दाबत राहिलो. म्हातारी म्हणाली, "आदी राग खाली ठेवा, मग परात घ्या." मला राग आलेला नाही, असं मी सांगितलं. "मग त्या पिटानं काय वाईट केलंय तुमचं? बुक्क्या कशापायी घालताय?"

तिला आणखी एक गोष्ट खटकली. मी पाटावर ताठ बसून हे सगळं करत होतो. म्हणाली, "शिकवाय बसल्यावानी बसलाय तुमी. शिकाय बसा की." शिकायला कसं बसतात, असं मी जरा कुचकेपणानंच विचारलं. तिनं मला उठवलं, पाट ओढून घेतला आणि भिंतीला उभा करून ठेवला. "आता बसा. जमीन लागली न्हवं? आता दिसंल."

तिनं अट घातली आहे. चार दिवस पिठाला हात लावायचा नाही, नुसता जाळ सांभाळायचा. तुराटी कधी आत सारायची, कधी मागे ओढायची, तवा तापला हे पाण्याच्या थेंबावरून कसं ओळखायचं. किती मिनिटांनी, असं मी विचारलं तर म्हणाली, "भाकर घड्याळावर भाजनार हाय का तुमी?" मी वही घेऊन बसलो तर "साकू, साकू" करून तिनं ती मिटायला लावली. पुरे म्हणायचं असलं की तिला कानडीच सुचतं. जाळ झाला की आमटी, आमटी झाली की भाकरी, असा तिचा क्रम आहे. भाकरी शेवटी. मला तो उलटा वाटतो, पण आता मी विचारत नाही.

अनसूया, मी रोज चाळीस मुलांसमोर उभा राहून बोलतो. वर्गात मी चुकलो तरी ते सांगायची कुणाची छाती नाही. त्यामुळे चूक झाली की मला आधी दुसरा कुणीतरी सापडतो. तुराट्या सापडतात, तवा सापडतो, गोदी मध्येच बोलली हे सापडतं. मंगळवारी मी हातातलं उलथनं भिंतीवर फेकलं. गोदी कोपऱ्यात सरकली आणि तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. हे तुला कुणी शिकवलं, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

परवा वर्गात छडी उचलली आणि तशीच टेबलावर ठेवली. ज्याला उत्तर येत नव्हतं तो मुलगा खाली बसायलाही घाबरत होता.

धुरानं डोळे चुरचुरतात, पाणी थांबत नाही. तू चुलीपाशी पदरानं डोळे पुसायचीस तेव्हा मला वाटायचं, हे रडणं मला दाखवण्यासाठी चाललं आहे. तो धूर होता की रडणं, हे मला अजून माहीत नाही.

आता बाळूचं. तो काल आला होता. घोटभर पाणीसुद्धा प्याला नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला. म्हणाला, "दाजी, आप्पांनी सांगून धाडलंय. शिवरात्र झाली की पंच बसनार. काडी मोडून मोकळं व्हायचं. आक्काला घालवली तुमी, तवा कारन तुमीच सांगायचं. काय सांगू पंचांना?"

मी म्हणालो, "बायकोला भाकरी येत नाही. हेच कारण."

तो माझ्या हातांकडे बघत होता. बोटांवर फोड आहेत, हात मी धोतराच्या सोग्यात घेतले. मग त्यानं गोदीला उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "वाळली की वो पोरगी. ही आमची गोदी व्हय?" आप्पांनी तिला मंद्रूपला मागितलं आहे, हेही त्यानं सांगितलं. मी नाही म्हणालो. मुलगी बापाची असते, असं म्हणालो. तू पत्र वाचतेस का, एवढंच मी त्याला विचारलं. "वाचती. बोलत काय न्हाय," म्हणाला आणि गेला.

पहिल्या पत्रात गोदी मजेत आहे असं लिहिलं होतं. ती थोडी बारीक झाली आहे. इतकंच.

तू पंचांपुढे जाऊ नकोस. जाणार नाही, एवढं लिहून पाठव. दोन शब्द पुरेत. वेलांटी चुकली तरी चालेल.

धोंडीराम

*

सोलापूर,
सोमवार, ता. २५ फेब्रुवारी

अनसूया,

आज आशीर्वाद लिहीत नाही आणि क्षेमही लिहीत नाही.

गोदीला सहा दिवस ताप होता. परवा उतरला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण पोटात अन्न तुम्ही घातलं पाहिजे. ते जात नाही. शिवम्मानं दूध दिलं, हुलग्याचं पातळ माडगं करून दिलं. मी आमटी केली, आमटी आता बरी होते. दोन घोट घेते आणि तोंड फिरवते. रडत नाही, हट्ट करत नाही. काय खातेस, म्हणून विचारलं की एकच सांगते, "आईची भाकर." मांडीवर घेतलं तर मांडीला तिचं वजन लागत नाही. मी हे तुला कळवायला हवं होतं पहिल्याच दिवशी. कळवलं असतं तर तू चालत आली असतीस, आणि मग मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं.

शाळेत रजा टाकली. कारणाच्या जागी लिहिलं, मुलगी आजारी, घरी स्वयंपाकाला कोणी नाही. हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं. आता सगळ्यांना कळलं आहे. कळू दे.

शनिवारी सकाळी शिवम्मानं पहिल्यांदा पिठाला हात लावू दिला. मी जमिनीवर बसलो. पाणी कढत करून थोडं थोडं घातलं. एका भाकरीपुरताच गोळा घेतला आणि तळव्यानं रेटून रेटून मळला. घाई केली नाही, रागही नव्हता. पीठ सांगेल तसं करायचं, एवढंच मनात धरलं होतं. कडेला भेगा पडल्या, म्हणून पुन्हा मळला. पुन्हा भेगा. थापली, उचलताना मधोमध चिरली आणि तव्यावर तीन तुकडे होऊन पडली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. मी शिवम्माच्या टोमण्याची वाट बघत राहिलो.

ती म्हणाली, "हाताचं काय चुकत न्हाय तुमच्या. पीट द्या बगू."

तिनं चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, पाण्याच्या थेंबात मळलं आणि दोन बोटांत धरून ओढलं. ते वाळूसारखं सुटलं.

"हे पीट कवाचं?"

"एक तारखेचं. मी महिन्याचं दळण गिरणीतून एकदम आणतो."

"जोंधळ्याचं? महिन्याचं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "इरी गेली की वो ह्येची. हे मेल्यालं पीट. जोंधळ्याचं पीट आट दिसाच्या वर कोन ठेवतं का? आन् गिरनीत तर ते आदीच तापून येतंय. चिकटपनाच न्हाय ऱ्हायला, तर भाकर धरनार कशानं? माजी सासू वरनं खाली आली तरी ह्येची भाकर हुनार न्हाय."

मग तिनं हातातलं पीठ झाडलं. चुलीतली तुराटी मागे ओढली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिशी तिच्या वटीत तुमी घातलं, ते बी असलंच पीट हुतं न्हवं?"

विरी हा शब्द मला नवा नाही. वैरागला आई रोज म्हणायची. शेतकऱ्याचा मुलगा आहे मी, शहरात बारा वर्षं मास्तरकी करून विसरलो. आणि तू तर सांगितलं होतंस, गिरणीचं पीठ घरात आलं त्याच वर्षी, तीन वर्षांपूर्वी. "पिटाला इरी न्हाय हो. आठवड्याला थोडं थोडं आना." मी म्हणालो होतो, "विरी पिठाला आहे, तुझ्या हाताला नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की शाळेतही दोघातिघांना ऐकवलं.

जातं मीच काढायला लावलं. बायकांना जात्याला जुंपणं हा जुलूम आहे, असं मी शिक्षकांच्या सभेत बोललो होतो आणि टाळ्या पडल्या होत्या. घरी येऊन मी वरची तळी उचलून न्हाणीत टाकली, कपडे आपटायला. तुला विचारलं नाही. आठवड्याला गिरणीची खेप कोण घालणार, म्हणून महिन्याचं दळण एकदम. त्यानंतर भाकरी मोडायला लागल्या, तेव्हा मी अर्थ लावला की दळण सुटलं, बाई सुखावली, कामात लक्ष राहिलं नाही. त्याआधीच्या पाच वर्षांत तुझी एक भाकरी मोडलेली मला आठवत नाही. एवढं साधं उदाहरण मला सोडवता आलं नाही.

आता त्या दिवसाचं लिहितो. आजवर 'तू गेल्यावर' असं लिहीत आलो. तू गेली नाहीस, मी घालवलं.

संक्रांत झाल्यावर आप्पा तुला चार दिवस न्यायला आले होते. पंगतीला माझे दोन सोबती मास्तर होते. भाकरी तुकड्यांनी आली. मी म्हणालो, आमच्याकडे भाकरी वाढत नाहीत, चुरा वाढतात. ते दोघे हसले. आप्पा ताटात मान घालून जेवत राहिले. तिथं थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. जेवणं झाल्यावर तू निघालीस, पदर पसरून उभी राहिलीस. घरात दुसरी बाई नाही म्हणून शिवम्मा ओटी भरायला आली होती, नारळ आणि खण घेऊन. मी तिला बाजूला केलं. ताटांतले उरलेले तुकडे ओंजळीत गोळा केले आणि तुझ्या ओटीत घातले. म्हणालो, "हे ने. कशी लेक दिली ते आईला दाखव." आप्पांच्या देखत. गोदीच्या देखत.

तू पदर झटकशील असं मला वाटलं होतं. तू झटकला नाहीस. ते तुकडे तसेच ओटीत बांधून घेतलेस आणि पायरी उतरलीस. गोदी तुझ्यामागे निघाली, तिला मी दंडाला धरून मागे ओढलं. दोन दिवस दंडावर माझी बोटं दिसत होती.

त्यानंतर मी तुला लिहिलं, आईजवळ बसून नीट शिकून घे.

काल शिवम्माच्या जात्यावर ज्वारी दळली. ती दळायला बसली होती, मी म्हणालो, मला करू दे. अर्ध्या शेराला खांदे भरून आले. तू हे रोज करत होतीस, आणि मी ते काढून घेतल्यावर ते परत मागत होतीस. ते का, हे मला आता कुठे कळतं आहे. त्याच पिठाची भाकरी केली. थापताना कड फुटली नाही. तव्यावर सबंध पडली, निखाऱ्यावर उभी केली तर टम्म फुगली. माझ्या हातची पहिली. मला आनंद झाला हे कबूल करतो. वाटलं, आता गोदी जेवेल. आता सगळं मागे फिरवता येईल, पंचसुद्धा. ताट तिच्यापुढे ठेवलं.

तिनं भाकरी दोन्ही हातांनी उचलली, उलटी करून बघितली.

"ही आईची न्हाय."

"का गं?"

"आईची अशी नसती."

आणि तिनं ती मोडली. आधी दोन तुकडे केले, मग चार. मग बोटांनी कुस्करत बसली, अगदी चुरा होईपर्यंत. पाच वर्षांची पोर ती. तिला कळायला लागल्यापासून या घरात सबंध भाकरी तिनं पाहिलेलीच नाही. चुऱ्यावर दूध मागितलं. चार घास खाल्ले. सहा-सात दिवसांतले पहिले चार घास. पाचवा हातात धरून मला विचारलं, "आता येती का आई?"

शिवम्मा उठून बाहेर गेली. मी काहीतरी सांगायला हवं होतं. तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि घास परत ताटात ठेवला.

जाळ शिकलो, आमटी शिकलो, भाकरीही आली. या पोरीच्या पोटात अन्न घालणं मला येत नाही, आणि ते शिकून येणारं नाही. मी सगळीकडून अडलो आहे, अनसूया. काय करू ते सुचत नाही.

धोंडीराम

*

सोलापूर,
गुरुवार, ता. २८ फेब्रुवारी

अनसूया,

परवा शनिवारी, विजापूरच्या रस्त्यानं जाणाऱ्या सकाळच्या मोटारीनं, गोदीला घेऊन निघतो. तुझ्या उत्तरासाठी थांबत नाही. तिला आणखी वाट बघायला लावणार नाही.

आप्पांच्या दारात येणार नाही. वेशीतल्या मारुतीच्या पारावर बसेन. बाळूला पाठव, त्याच्याकडे तिला देईन. मुलगी बापाची असते, असं मी त्याच्यापाशी बोललो होतो. ते मागे घेतलं, म्हणून त्याला सांग.

ताप पुन्हा आलेला नाही, पण तिला चालवू नये. औषधाची बाटली तिच्या कपड्यांत ठेवतो. एकदम हात वर केला की ती दचकते. तुझ्या लक्षात येईलच, पण आप्पांना आणि बाळूला आधी सांगून ठेव, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही. तो दोष माझा आहे. तुझ्याजवळ राहिली की तिचं दचकणं जाईल.

पंच बसतील तोपर्यंत मी मंद्रूपलाच धर्मशाळेत राहीन. मी कारण बदललं आहे. ते आधीच लिहितो, म्हणजे चारचौघांत तुला पहिल्यांदा ऐकावं लागणार नाही. मी उभा राहून असं सांगेन, की तीन वर्षं मी हिला विरी गेलेलं पीठ आणून दिलं. हिनं सांगितलं, मी ऐकलं नाही. हिच्या हाताचा दोष नव्हता. हिच्या ओटीत मी काय घातलं तेही मीच सांगेन, आप्पांना ते तोंडानं बोलावं लागू नये. मग काडी मोडायची की नाही, हे पंचांनी हिला विचारावं. मला विचारू नये.

हे शाळेपर्यंत येईल. मंद्रूपचा बाजार करून आलेली माणसं सोलापुरात काय काय घेऊन येतात ते मला माहीत आहे. सोबती मास्तरांना मी कालच सांगितलं, त्या दिवशी जे दोघे हसले होते त्यांना. एकजण म्हणाला, "अहो, बायकोची भाकरी मोडली तर मोडली, त्यात पंचांपुढे काय जायचंय?" दुसऱ्यानं पुढ्यातली वही उघडली. त्याच्याही घरी महिन्याचं दळण येतं.

शिवम्मा म्हणाली, "मास्तर, एवडं सांगितल्यावर ती परत येईल, असं मनात धरून जाऊ नगा. मळताना भाकर फुगंल का न्हाय, तिकडं ध्यान ठेवायचं नसतं. मळायचं." मी म्हणालो, तसं काही धरलेलं नाही.

ते खोटं आहे. धरलं आहे. पण त्याचं ओझं तुझ्यावर नाही. तू नाही म्हणालीस तर ते ऐकायलाही मी खालीच बसेन.

तिथं बाजारात पीठ विकत मिळालं तरी घेऊ नका. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे कमालच आहे. तरी लिहिलं, खोडत नाही.

गोदी शेजारी बसली आहे. कुणाला लिहिताय, म्हणून विचारते. सांगितलं. मग ती उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. परवा निघायचं आहे, हे तिला अजून उमजत नाही.

तिला पोचवायला येणारा,
धोंडीराम